नवीन जोडलेला पीसी: पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. मदरबोर्ड गेला का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: रायझन ५ ९६००एक्स, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, वेगळं ग्राफिक्स कार्ड. बटण दाबलं की पंखे फिरतात, बोर्डावर ‘डीरॅम’ (म्हणजे रॅम) असं छापलेल्या जागेजवळचा दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. दीड-दोन मिनिटांनी तुम्ही बंद करता, रॅम काढून पुन्हा लावता, परत तेच. आता बोर्ड परत करायच्या विचारात आहात.

इतक्यात परत करू नका. तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकते ती तुमची घाई.

डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर प्रत्येक स्टिकशी सिग्नलची वेळ जुळवून बघतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ते चालू असताना स्क्रीन काळीच असते आणि डीरॅमचा दिवाही लागलेला असतो. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला ट्रेनिंग आणि बिघाड सारखेच दिसतात. एएम५ सॉकेटवर (तुमचा प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) दोन स्टिकला बहुतेक वेळा काही मिनिटं पुरतात, पण चार स्टिक किंवा जास्त क्षमतेची रॅम असेल तर दहा-पंधरा मिनिटंही जातात. मध्येच पंखे थांबून पुन्हा सुरू होतात, मशीन स्वतःहून दोन-तीनदा रीस्टार्ट होतं. तेही ठीक आहे. ट्रेनिंग पूर्ण झालं तरच त्याचा निकाल साठवला जातो. तुम्ही मध्येच वीज तोडली की सगळं पहिल्यापासून. रॅमची जागा बदलली, बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, सीमॉस क्लिअर केलं (बायोसच्या सेटिंग पुसल्या), तरी पहिल्यापासूनच. म्हणजे आजवर तुम्ही प्रत्येक वेळी तीच शर्यत अर्ध्यात सोडून पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर आला आहात, अशी दाट शक्यता आहे.

म्हणून आधी एकच करा. मॉनिटर चालू ठेवा, पीसी सुरू करा आणि घड्याळ लावून वीस मिनिटं हात लावू नका. पुढे जे काही कराल त्यातही हाच नियम: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुरेसा वेळ.

वीस मिनिटांनीही काही नाही? मग कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा प्रत्येक वेळी लागत-विझत असेल तर मशीन आतून जागं झालंय, फक्त चित्र पोहोचत नाही. अशा वेळी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्याच पोर्टला आहे ना, मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलाय ना, हे बघा. डिस्प्लेपोर्टऐवजी एचडीएमआय लावून बघा. काही मॉनिटरवर बायोसची स्क्रीन डिस्प्लेपोर्टमधून दिसतच नाही. कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म असेल तर मशीन खरंच अडकलंय. पुढचं सगळं त्यासाठी.

आता रॅमची जागा. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात, म्हणजे ए२ आणि बी२. पहिल्या-तिसऱ्यात लावल्या तर कधी चालतं, कधी नाही. तपासताना एकच स्टिक ठेवा, ती ए२ मध्ये. आजकालच्या बऱ्याच बोर्डांवर स्लॉटला एकाच बाजूला खटका असतो. त्या बाजूचा ‘टक्’ आवाज ऐकून लोक समाधान मानतात आणि दुसरी बाजू अर्धा मिलिमीटर वर राहते. डोळा स्लॉटच्या पातळीवर आणून बघा: स्टिकवरची सोनेरी पट्टी दोन्ही टोकांना सारखीच आत गेलेली दिसली पाहिजे. एक स्टिक चालत नसेल तर दुसरी स्टिक त्याच स्लॉटमध्ये. दोन्ही चालत नसतील तर दोन्ही एकदम खराब निघणं अवघड आहे. दोष रॅमच्या पलीकडे आहे असं समजा.

पलीकडे म्हणजे कुठे? तुमच्या जोडणीत मला पहिला संशय बायोसचा येतो. बी६५० बोर्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये आले, ९६००एक्स आला ऑगस्ट २०२४ मध्ये. दुकानाच्या फळीवर वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेल्या बोर्डात जुनं बायोस असेल तर त्याला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. पंखे फिरतात, दिवा लागतो, पुढे काही नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची प्रोसेसर सपोर्टची यादी असते. त्यात ९६००एक्ससमोर किमान कोणती बायोस आवृत्ती लागते ते लिहिलेलं असतं. बोर्डाच्या खोक्यावर किंवा बोर्डावर छोटं स्टिकर असेल तर त्यावर आलेली आवृत्ती कधी कधी छापलेली मिळते.

बोर्डाच्या मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर हे काम डिस्प्लेशिवाय होतं. प्रोसेसर आणि रॅम नसली तरी चालतं. बोर्डाची मुख्य २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची वीज केबल मात्र जोडलेली हवी. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचलं जात नाही, आणि हे काम फसण्याचं एक नेहमीचं कारण तेच. बायोसची फाइल पेनड्राइव्ह उघडला की लगेच दिसेल अशी ठेवा, कुठल्या फोल्डरमध्ये नको, आणि तिला मॅन्युअलमध्ये दिलेलं नावच द्या, अक्षर न् अक्षर. काही कंपन्या झिपमध्येच नाव बदलणारा छोटा प्रोग्रॅम देतात. पेनड्राइव्ह ठरलेल्या यूएसबी पोर्टलाच लावायचा. त्या पोर्टला वेगळी खूण असते. पीसी बंद, एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) मागचा स्विच चालू, मग ते बटण साधारण तीन सेकंद दाबून धरा. दिवा लुकलुकू लागला की हात काढा. पाच-दहा मिनिटं लागतात. दिवा लुकलुकत असताना वीज जाऊ देऊ नका. दिवा काही सेकंद लुकलुकून स्थिर राहिला तर फाइल वाचलीच गेलेली नाही. नाव, फॉरमॅट, पोर्ट यांपैकी एक चुकलंय. आणि हो, फ्लॅशनंतर पुन्हा ट्रेनिंग. पुन्हा वाट.

बायोस बरोबर निघालं तरीही तेच असेल तर मशीन सोलून काढा. कॅबिनेटमधून बोर्ड बाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका. त्या पिशवीचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. बोर्डावर ठेवायचं ते फक्त प्रोसेसर, कूलर, ए२ मध्ये एक स्टिक, २४ पिनची केबल आणि ८ पिनची केबल. ग्राफिक्स कार्डही काढा. ९६००एक्समध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, त्यामुळे मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लावता येईल. (नावात शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ही सोय नसते, तिथे बोर्डाच्या पोर्टला केबल लावून बसलेले लोक दिवसचे दिवस डिस्प्लेची वाट बघतात.) एसएसडी, पुढच्या पॅनेलच्या केबल, जास्तीचे पंखे, आरजीबीचे हब, सगळं बाजूला.

कॅबिनेटचं बटण नसताना चालू कसं करायचं? बोर्डाच्या कडेला फ्रंट पॅनेलच्या दोन ओळींच्या पिन असतात, त्यांपैकी एका ओळीच्या टोकाला एक पिन मुद्दाम गाळलेली असते. बहुतेक बोर्डांवर त्याच ओळीत, रिकाम्या जागेला लागून असलेल्या दोन पिन म्हणजे पॉवर स्विच. मॅन्युअलमध्ये एकदा खात्री करा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिनना क्षणभर एकत्र स्पर्श करा. तेवढ्यानं सुरू होतं.

बाहेर डिस्प्ले आला आणि आत येत नसेल तर गुन्हेगार कॅबिनेटमध्ये आहे. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ मोजा. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच स्टँडऑफ हवा. एखादा जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या मागच्या डाखांना टेकून शॉर्ट करतो. मागच्या आयओ शील्डची (पोर्टभोवतीच्या पत्र्याच्या पट्टीची) जीभ एखाद्या पोर्टच्या आत घुसलेली नाही ना, तेही बघा. पुढच्या यूएसबीच्या जाड केबलसाठी बोर्डावर १९ पिन असतात, त्यातली एखादी वाकून शेजारणीला चिकटलेली असू शकते.

बाहेरही काही आलं नाही तर सॉकेट उघडावं लागेल. हे काम नको वाटतं, पण डीरॅमच्या दिव्याचं खरं कारण पुष्कळदा इथेच सापडतं. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असल्यामुळे रॅमकडे जाणाऱ्या तारा सॉकेटच्या पिनांमधूनच जातात. त्यातली एक वाकली तरी दिवा रॅमचाच लागतो आणि बिचारी रॅम बदनाम होते. एएम५ मध्ये १७१८ पिन बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरला नुसते सपाट ठिपके. प्रोसेसर काढून खोलीत अंधार करा आणि फोनचा टॉर्च जवळजवळ आडवा धरून सॉकेटवर फिरवा. सगळ्या पिनांची टोकं एका दिशेने, सारख्या ओळीत चमकली पाहिजेत. एखादा ठिपका विझलेला किंवा तिरपा दिसला की तिथे थांबा, कॅमेऱ्याने झूम करून फोटो घ्या. थर्मल पेस्टचा (प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावतात त्या लेपाचा) कण पिनांत अडकला असेल तर तोही असाच दिसतो. प्रोसेसरच्या खालचे ठिपकेही बघा. त्यावर पेस्टचा डाग असेल तर तंतू न सोडणाऱ्या कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. पिन सरळ करायला अगदी बारीक सुई आणि भरपूर धीर लागतो. हात थरथरत असेल तर करू नका.

परत बसवताना कूलरचे स्क्रू एकदम आवळू नका. एक थोडा, मग त्याच्या समोरचा तिरपा, असं आळीपाळीने. एका बाजूला दाब जास्त पडला तर संपर्क बिघडून एक रॅम चॅनेल (रॅमकडे जाणारा एक मार्ग) गायब होऊ शकतं.

केबलचं एक सांगायचं राहिलं. प्रोसेसरची ८ पिनची केबल ४+४ अशी फुटते, ग्राफिक्स कार्डची ६+२ अशी. दिसायला जुळ्या बहिणी, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट. सहसा चुकीची केबल बसत नाही, पण जोर लावणारे बसवतात. २४ पिनच्या केबलने पंखे फिरतात म्हणून प्रोसेसरची केबल विसरली तरी लक्षात येत नाही, तेव्हा ती एकदा काढून पुन्हा लावाच. आणि मॉड्युलर (केबल सुट्या होतात अशा) एसएमपीएसची केबल दुसऱ्या मॉडेलच्या एसएमपीएसला कधीही लावायची नाही. एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. प्लग बसतो आणि एसएसडी जळते.

पुढे कधी दिवा डीरॅमवरून सरकून व्हीजीएवर (ग्राफिक्स कार्डाचा दिवा) थांबला तर कार्ड नीट दाबून बसवा, त्याच्या पॉवर केबल बघा. रायझर केबल (कार्ड बोर्डापासून दूर बसवायची जोडकेबल) असेल तर ती काढून कार्ड थेट बोर्डावर लावा. बूटवर (विंडोज कुठून सुरू करायची ते शोधण्याचा टप्पा) थांबला तर आनंदच माना, कारण हार्डवेअर पास झालं. बायोसमध्ये एसएसडी दिसते का आणि इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह नीट बनलाय का, एवढंच उरतं. एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग) मात्र विंडोज बसून दोन-चार दिवस नीट चालेपर्यंत लावू नका. आणि उद्या रॅम वाढवायची झाली तर आणखी दोन स्टिक घालण्यापेक्षा मोठ्या क्षमतेच्या दोनच घ्या. चार स्टिकवर या प्रोसेसरसाठी रॅमच्या वेगाची एएमडीची अधिकृत मर्यादा ३६०० एमटी/सेकंदावर येते.

इतकं करूनही अडलंच, तर बदलून बघायचा क्रम माझा असा: आधी कुणाकडून तरी आणलेली चालू रॅम, शक्यतो बोर्डाच्या मेमरी सपोर्टच्या यादीतली, मग एसएमपीएस, त्याच्या स्वतःच्या केबलसह, मग बोर्ड, प्रोसेसर सगळ्यात शेवटी, कारण तो मेलेला निघणं फार क्वचित घडतं. बोर्ड परत करायचाच झाला तर आधी सॉकेटचा स्पष्ट फोटो काढा आणि सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण लावूनच पाठवा. वाकलेली पिन दिसली की वॉरंटी सहसा नाकारली जाते, आणि ती वाटेत वाकली हे तुम्हाला नंतर सिद्ध करता येत नाही.

वीस मिनिटांची चाचणी झाली की इथेच लिहा: दिवा कशावर थांबला, कॅप्स लॉक लागतं-विझतं का, आणि बोर्डाचं पूर्ण मॉडेल नाव. त्या मॉडेलला कुठलं बायोस हवं ते बघून सांगतो.