भाच्यासाठी लिहायचं पत्र

कोथरूडच्या ताई, तुमचा भाचा चौथ्या वर्षी आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेला, आज सत्तावीस वर्षांचा आहे. मारामारीबद्दल झालेली दीड वर्षाची शिक्षा संपत आली, आणि आता तिथलं सरकार त्याला भारतात धाडायला निघालंय. त्याच्या वकिलाने तुमच्याकडून पत्र मागितलंय. तुम्ही विचारता, ‘आमचं घर त्याला सदैव उघडं आहे’ असं लिहू का?

जरा थांबा. 2007 च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे परदेशी नागरिकाला किमान वर्षभराची कैद झाली की हद्दपारी जवळजवळ ठरलेलीच, मग कायम राहण्याचा परवाना का असेना. शिक्षा चार वर्षांच्या आत असेल तर एक वाट आहे. आयुष्याचा बहुतेक काळ तिथे कायदेशीर राहिला, तिथल्या समाजात मुरला आणि मायदेशी बस्तान बसवणं अतिशय अवघड जाईल, हे तिन्ही पटवावं लागतं. तुमचं मायेचं वाक्य नेमकं तिसऱ्या मुद्द्यावर उलटू शकतं. आत्या आहे, घर आहे, मराठी येतं, मग अडचण कसली?

खोटं लिहू नका. सगळंच खरं लिहा. दोन खोल्या, तुमचं बहात्तरचं वय, पेन्शनवर चाललेलं घर. मागच्या लग्नाला आला तेव्हा पाटी वाचता येईना म्हणून कर्वे पुतळ्यापाशी त्याने तीन बस सोडल्या, हे तुम्हीच कळवलंत ना? तेही लिहा. त्याचं मराठी ‘भूक नाही’ आणि ‘बरी आहेस का’ एवढ्यावर संपतं, त्यावर पुण्यात नोकरी मिळत नाही.

आता न्यायाचं. तुमचे यजमान म्हणतात, ‘दुसऱ्याच्या घरात राहून दंगा केला तर घालवणारच.’ तिशीत नोकरीसाठी गेलेल्या माणसाबद्दल मी त्यांच्याशी सहमत आहे. पण त्याची धाकटी बहीण बघा. आईवडिलांना कायमचा परवाना मिळाल्यावर तिथेच जन्मली, म्हणून जन्मतः ब्रिटिश. शाळा तीच, गल्ली तीच. हाच गुन्हा तिने केला असता तर शिक्षा भोगून ती आपल्या घरी गेली असती. ज्याला मार बसला त्याचा हिशोब न्यायाधीशांनी दीड वर्षात मांडला. वरची हद्दपारी हा मुलगा केवळ पासपोर्टापायी भोगणार. ‘ही शिक्षा नव्हे, प्रशासकीय कारवाई’ असं सरकार म्हणतं. चार वर्षांचा असताना सोडलेल्या गावात पाठवलेल्याला हा फरक कसा समजावायचा?

पासपोर्ट बदलला म्हणजे माती सुटली, असं वाटून तुमच्या भावाने मुलासाठी ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज केलाच नाही. परदेशातल्या बाकीच्यांनी हे वाचून आजच घरातले पासपोर्ट काढून बघावेत. नागरिकत्वाच्या अर्जाची फी भारी आहे, आणि आपण नेमके तिथेच अडखळतो. अमेरिकेत ग्रीन कार्डवाल्यांनाही हद्दपारी चुकलेली नाही. मात्र गुन्हा कबूल करण्याआधी हा धोका अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ठरवलं. वकील गप्प राहिला तर आपण विचारावं.

ताई, मसुदा सही करण्याआधी वकिलाला दाखवा, आणि लवकर. अशा नोटिशींची मुदत दिवसांत मोजतात. भाचा आलाच तर विमानतळावर कोण जाणार, हेही ठरवून ठेवा. जन्म पुण्याचा आहे, तेव्हा महापालिकेतून जन्मदाखल्याची प्रत काढून आणा. पत्रात याचा उल्लेख नको.