मुंबईत राहून कोकणातल्या गावच्या ग्रामपंचायतीचा कारभार कसा कळेल?

देवगड तालुक्यात घर आहे, पण गणपती-शिमग्यालाच जाणं होतं; पंचायतीत काय चाललंय ते कसं कळणार आणि दाखले कसे मिळणार, असं तुम्ही विचारलंय.

आधी खर्च बघा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर महाराष्ट्र, सिंधुदुर्ग, देवगड आणि मग तुमचं गाव निवडा. त्या वर्षाचा विकास आराखडा आणि वित्त आयोगाचा निधी कुठल्या कामावर पडला, ते दिसतं. 'पाखाडी दुरुस्ती' (पाखाडी म्हणजे गावातली दगडी पायवाट) असं लिहिलेलं असेल तर गावातल्या कुणाला तरी फोटो पाठवायला सांगा. कागद आणि पाखाडी दोन्ही समोर असली की प्रश्न नीट विचारता येतो.

विचारायची जागा ग्रामसभा. कायद्याने वर्षाला किमान चार व्हायलाच हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास बहुतेक गावांत होतात. सभासद मात्र गावच्या मतदार यादीत नाव असलेलेच. तुमचं नाव मुंबईत असेल तर गावातल्या भावकीतून प्रश्न मांडा.

दाखल्यांचं म्हणाल तर घराचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना ८, आणि जन्म-मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीकडे. सातबारा महसूल खात्याचा, तो ऑनलाइन निघतो. त्यासाठी पंचायतीत खेपा घालू नका, फार लोकांचा दिवस यातच जातो.

अर्ज दिलात की पोच घ्याच. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित, म्हणजे सरकारने त्यासाठी जाहीर केलेली सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं, आणि तिथे ती पोचच लागते.