तुझ्या त्या निळ्या फाइलीबद्दल

बाळा,

रविवारी तू कॅनडाच्या अर्जाची फाइल घेऊन आलास आणि मी तुझ्याशी धड बोललो नाही, ते मनात राहिलंय. घरात पाव्हणे होते, आणि खरं सांगायचं तर पहिलाच कागद बघून माझं डोकं फिरलं होतं. तू गेल्यावर तुझी काकू म्हणाली, पोरगं तोंड पाडून गेलं बघा. म्हणून लिहूलोय. फोन केला असता तर परत ओरडलो असतो.

जायचं की नाही, घरचे काय म्हणतात, खानापूरचं शेत कोण बघणार, यात मी पडत नाही. ते तुझं तू ठरवलंयस. मला बोलायचंय त्या कागदावर, ज्याच्यावर तू चार वर्षं 'क्वालिटी मॅनेजर' आहेस आणि तुझ्या हाताखाली बारा माणसं आहेत. अरे तू सीएमएमवर, म्हणजे मोजमापाच्या मशीनवर, पार्ट तपासतोस. मायक्रोमीटर, बोअर गेज, ड्रॉइंग, रिपोर्ट. विमानाचा पार्ट तुझ्या सहीशिवाय पुढं जात नाही, हे काय कमी आहे? इन्स्पेक्टर म्हणायची लाज कसली वाटूलीय?

तुला विचारलं हे कोणी लिहिलं, तर म्हणालास एजंटनं लिहिलं, मी अजून नीट वाचलेलं नाही. तिथंच माझा पारा चढला. आपला फॉर्म आपण भरायचा. दुसऱ्याला विचार, दाखव, फी देऊन सल्ला घे, पण भरायचा आपण.

आता हिशोब ऐक, कारण तुला कोणी बसून सांगितलेला दिसत नाही. कॅनडाचं एक्सप्रेस एंट्री (कायमचं राहायला माणसं निवडायची त्यांची पद्धत) २०१५ ला चालू झालं, त्यात सीआरएस म्हणून १२०० पैकी मार्क असतात, आणि जास्त मार्कवाल्यांना अर्जाचं बोलावणं येतं. तू २९ चा, लग्न नाही, बीई, चार वर्षं काम, आयेल्ट्सला (इंग्रजीच्या परीक्षेत) लिसनिंग ८, रीडिंग ७, स्पीकिंग ७ आणि रायटिंग साडेसहा. याचे होतात ३८४. एजंट म्हणतो मॅनेजर लिहिलं की वाढतील. कसे वाढतील? कॅनडाबाहेरच्या अनुभवाला पदाप्रमाणे मार्क नाहीतच, वर्षांप्रमाणे आहेत. काम टीअर ० ते ३ मधलं (टीअर म्हणजे कामाची पातळी) असलं की झालं. तुझं काम ज्यात बसतं तो मशिनिस्ट आणि टूलिंग इन्स्पेक्टरचा एनओसी कोड ७२१००, त्यातला दुसरा आकडा २ म्हणजे टीअर २. (एनओसी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं ना-हरकत दाखला येतो, तिकडं ती कामधंद्यांची यादी आहे.) म्हणजे खरं लिहिलंस तरी तेवढेच मार्क आणि खोटं लिहिलंस तरी तेवढेच. फुकटचं खोटं! पूर्वी नोकरीची ऑफर दाखवली की मार्क मिळायचे, ते पण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकलेत, तरी लोक अजून ऑफर लेटर विकूलेत आणि तुझ्यासारखे विकत घेऊलेत.

मार्क कुठं सांडलेत बघ. रायटिंगचा अर्धा बँड. तिथं ७ असते तर चारही विषय सीएलबी ९ (सीएलबी म्हणजे भाषेची त्यांची पातळी) झाले असते. एकट्या रायटिंगचे ८ वाढले असते, डिग्री आणि इंग्रजी जोडून मिळतात ते १३ चे २५ झाले असते, अनुभव आणि इंग्रजीचे २५ चे ५०. बेरीज कर, ४५. आणि तू घाई कशाची करूलास, तर तीस लागायच्या आत प्रोफाइल टाकायची. तीस लागली की वयाचे ११० चे १०५ होतात. पाच मार्क वाचवायला धावूलास आणि पंचेचाळीस रस्त्यावर सोडलेस. तीन महिने बस, रोज एक निबंध लिही, कुणाकडून तरी तपासून घे, परत परीक्षा दे.

एवढं करून ४२९ होतात आणि त्यावर बोलावणं येईलच असं मी तुला सांगणार नाही, नाहीतर त्या एजंटात आणि माझ्यात फरक काय राहिला. तिथल्या एखाद्या प्रांतानं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, दिली तर ६०० मिळतात, तो एक रस्ता. दुसरा फ्रेंचचा. २०२३ पासून ते वेगवेगळ्या गटांचे ड्रॉ, म्हणजे बोलावण्याच्या फेऱ्या, काढतात, त्यात फ्रेंच येणाऱ्यांचा कट-ऑफ मार्च २०२५ मध्ये ३७९ पर्यंत खाली आला होता. हसू नको. घरात मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी, कॉलेजात इंग्रजी करत तू मोठा झालास, बेळगावच्या पोराला पाचव्या भाषेची भीती कशाला? वेळ लागेल, दीड-दोन वर्षं धर. पुण्यात आणि बेंगळुरूत फ्रेंच शिकवणारी अलियान्स फ्रान्सेझ आहे. आणि ती भाषा तुझी राहील, पुढं काहीही होऊ दे.

तू विचारशील, काकांना एवढा राग का. तर माझं ऐक, तुझ्या वडलांनाही हे अर्धंच माहीत आहे.

२००५ साली मी तीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर. मी पण अर्ज केला होता. तेव्हा सगळं कागदावर. १०० पैकी ६७ लागायचे, ती पायरी आजही आहे एक्सप्रेस एंट्रीतल्या तुझ्या फेडरल स्किल्ड वर्कर गटात. एका मोठ्या शहरातल्या एजंटनं फाइल केली, त्यात मला प्रॉडक्शन मॅनेजर केलं, मालकाच्या लेटरहेडवर पत्र टाइप करून पाठवलं. मालकानं न वाचता सही केली, माझ्यावर भरवसा म्हणून. मी न वाचता सही केली, इंग्रजी जड होतं म्हणून. मग एक दिवस कारखान्यात तपासणीचा फोन आला. मालक सरळ माणूस, म्हणाला मॅनेजर तर मीच, तो पोरगा मशीनवर असतो, बोलावू का? झालं. अर्ज नामंजूर, वर दोन वर्षं बंदी. आता ती बंदी पाच वर्षांची आहे, आणि एजंटनं लिहिलं होतं हे कारण कोणी ऐकत नाही. सही तुझी, तर खोटं तुझं.

आणि सगळ्यात जास्त काय लागतं माहितेय? मशिनिस्टचं काम तेव्हाच्या नियमात पण बसत होतं. जे मी रोज हातानं करत होतो तेच लिहिलं असतं तर चाललं असतं. हे मला कळलं दोन-तीन वर्षांनी, तोवर आईचं आजारपण, थोरलीचा जन्म, आणि मग राहिलं ते राहिलंच.

तसं माझं काही वाईट झालेलं नाही हां. दोन व्हीएमसी मशीनं आहेत, आठ घरं माझ्या जॉबवर्कवर चालतात, आईच्या शेवटच्या दिवसांत मी इथं होतो. तिकडं गेलो असतो तर कुणाच्या तरी गोदामात खोकी उचलली असती कदाचित. असं मी वीस वर्षं म्हणत आलोय. काकू म्हणते, एवढ्या वेळा कोणाला सांगताय? जाऊ दे ते.

तुझ्या बाकीच्या कागदांवर नजर टाकली, त्यात पण गाठी आहेत. जन्मदाखला कन्नडात, शाळेचा दाखला मराठीत, डिग्री इंग्रजीत. एकीकडं बेळगाव, एकीकडं बेळगावी, आडनावाचं स्पेलिंग तीन प्रकारचं. आपल्याकडच्या प्रत्येकाची हीच कथा आहे, घाबरू नको, पण आत्ताच मिटव, अ‍ॅफिडेव्हिट करून घे. बोलावणं आलं की ६० दिवसांत सगळं अपलोड करायचं असतं, तेव्हा कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला वेळ नसतो. भाषांतर तुझ्या चुलतभावाकडून करून घेऊ नको, तो कन्नड कितीही छान शिकवत असला तरी घरच्या माणसाचं चालत नाही.

खात्यात दाखवायचे पैसे दुसऱ्या चुलत्याकडून महिनाभर फिरवून घेणार म्हणालास, ते पण नको. उसने पैसे चालत नाहीत आणि बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी असते, दिसतं सगळं. कंपनीचा एचआर नुसत्या तारखांचं पत्र देतो म्हणालास, तर त्याच्या मागं लाग. रोजचं काम, आठवड्याचे तास, पगार, सगळं त्या पत्रात पाहिजे. कामाची यादी तू लिहून ने, पण तू करतोस तेवढीच.

आणि एजंटनं मागितलेले ते तीन लाख. प्रोफाइल उघडायला एक पैसा लागत नाही रे! सल्ल्याला माणूस हवाच असेल तर तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचं लायसन आहे का बघ, त्यांच्या साइटवर नाव शोधता येतं. पैसे घेऊन काम करणाऱ्याचं नाव फॉर्मवर द्यावं लागतं. हा तुझा एजंट म्हणतो आमचं नाव कुठं घालू नको. का म्हणतो? तू शिकलेला आहेस, याचं उत्तर मी द्यायला पाहिजे का?

चिडून लिहितोय असं वाटलं तर वाटू दे. आपला फॉर्म आपण भरायचा, मी शंभरदा म्हणणार.

येत्या रविवारी लॅपटॉप घेऊन ये, जेवायलाच ये. तू टाइप कर, मी नुसता शेजारी बसतो, कीबोर्डला हात लावणार नाही. माझी २००५ ची फाइल माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, ती पण काढून ठेवतो. मॅनेजरवाल्या पानाच्या खाली माझी सही बघ, काय वळणदार केलीय.

तुझा,
काका