वाशीच्या शाळेत रुजू होताय, तर थोडं सांगते

अभिनंदन! धर्मशिक्षणाचा तासही तुमच्याकडे आहे म्हणालात, म्हणून लिहिते.

आधी वेळापत्रक पाहा. ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असतो तेव्हाच बाकीच्यांना मूल्यशिक्षण असावं, आणि तेही मनापासून शिकवलेलं. त्या तासाला मुलांना नुसतं वर्गात बसवून ठेवणं मला अजिबात पटत नाही. संविधानाच्या कलम 28(3) नुसार मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही. संमती लेखी घ्या, जूनमध्येच.

विज्ञानही तुमच्याकडेच ना? मग दहावीचा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा बिचकत, घाईघाईत उरकू नका. एखादं मूल नक्की विचारेल, ‘मिस, मग बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातलं, देवाने जग घडवल्याचं, खोटं का?’ त्याला गप्प करू नका. आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल स्वतः ऑगस्टिनियन या कॅथलिक संघाचा संन्यासी होता, हे सांगा. पोप पायस बारावे यांनी 1950 मध्येच उत्क्रांतीच्या अभ्यासाला मोकळीक दिली होती. उत्पत्तीचं पुस्तक देव आणि माणसाचं नातं सांगतं, जीवशास्त्र शिकवत नाही, हे मुलांना छान समजतं. पेपरात मात्र उत्तर पाठ्यपुस्तकातलंच हवं, हेही स्पष्ट सांगा.

सराव परीक्षा जवळ आल्या की धर्मशिक्षणाचा तास गणिताला मागतील. देऊ नका. आणि प्रार्थनासभा लांबून पहिला तास बुडत असेल, तर तेही मुख्याध्यापक सिस्टरांना तितक्याच ठामपणे सांगा.