पाळीत खूप ब्लीडिंग, मिरेना (गर्भाशयात ठेवायचं हार्मोनचं छोटं साधन) बसवताना काय होतं?

प्रश्न: वय ४२, पाळीत दर दोन तासांनी पॅड बदलते, हिमोग्लोबिन ८ वर आलंय. डॉक्टर मिरेना बसवूया म्हणतात. खूप दुखतं का?

उत्तर: ताई, काम पाच-दहा मिनिटांचं, पण जोरात कळ येते, काहींना चक्करही येते, म्हणून आधी पेनकिलरचं विचारा आणि सोबत कुणाला तरी न्या. खरा त्रास पुढचे ३ ते ६ महिने, मधूनमधून डाग लागत राहतात आणि बऱ्याच जणी वैतागून तेव्हाच काढून टाकतात, प्लीज घाई करू नका, नंतर ब्लीडिंग खूप कमी होतं, काहींची पाळी थांबतेच, पण रक्त आत साठत वगैरे नाही. लोहाच्या गोळ्या चालूच ठेवा. ताप आला किंवा असह्य दुखलं तर लगेच दाखवा.