अॅम्बेसेडरमध्ये 1489 सीसीच्या जागी 1817 सीसीचं इसुझू इंजिन टाकतोय, हेडर (इंजिनमधला धूर बाहेर नेणारा पाइपांचा सेट) कुठला घेऊ?

4-2-1 घ्या, म्हणजे चार पाइपांचे दोन आणि दोनाचा एक होतो तो, आणि प्रायमरी पाइप (इंजिनला लागून असलेले पहिले चार) बाहेरून दीड इंच म्हणजे 38 मिमी, त्याच्यापेक्षा मोठा नको. हे इंजिन काय 6-7 हजार आरपीएमला पळवायचं नाही, जाड पाइप टाकला की गॅसचा वेग पडतो आणि खालचा टॉर्क जातो, मग सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलवरनं गाडी उचलतानाच कळतं. माझं फॅब्रिकेशनचंच काम आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, म्हणून सांगतो की रेडिमेड हेडर आणून बसवायच्या भानगडीत पडू नका, इंजिन आधी त्याच्या माउंटिंगवर कायमचं बसवा मग जागेवरच पाइप टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) करून घ्या. टॅक झाले की दोघांनी मिळून एक चेक कराच:

- एकानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं
- दुसऱ्यानं इंजिन हातानं दाबून हलवायचं, कारण रबरावर ते रेस दिली की झुकतं

एवढं करून स्टिअरिंगच्या शाफ्टपासून 15 मिमी तरी गॅप राहिला पाहिजे, ब्रेकच्या पाइपपासून अजून जास्त, नाहीतर मध्ये पत्र्याची हीट शील्ड लावा, आपल्याकडं मे महिन्यात 42-43 डिग्रीत बॉनेटखाली आधीच भट्टी असते. फ्लॅंज (हेडर इंजिनला बोल्टनं बसवायची पट्टी) 10 मिमीची घ्या, पातळ असली की वेल्डिंगला वाकते आणि गॅस्केट फुंकतं. फक्त एक, हे सगळं इंजिन स्टॉक, म्हणजे कंपनीचं जसंच्या तसं असेल तर. कॅमशाफ्ट बदलणं, दोन कार्बोरेटर वगैरे करणार असाल तर साइज परत काढावा लागेल. आणि इंजिन बदलाची आरटीओची परवानगी आधी घ्या, आरसीवर नोंद लागते.