बाबा पावसाळ्यात गप्प होतात: आमच्या घरचा अनुभव

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबा ७४ चे, दरवर्षी जुलै लागला की बोलणं कमी, जेवण कमी, आणि काउन्सेलरचं नाव काढलं की "मी काय वेडा झालोय का" म्हणून उठून जातात. डिट्टो आमचे सासरे, अण्णा. देवरुखजवळ गावी असतात, रिटायर्ड मास्तर, वय ७९. असे चार पावसाळे काढलेत म्हणून लिहिते, जरा लांबेल.

आधी ते दिव्याचं. नेटवर वाचून उदासीवरचा तो १०,००० लक्सचा, म्हणजे खूप प्रखर उजेडाचा दिवा मागवू नका लगेच. तो मुळात थंड देशातल्या हिवाळी डिप्रेशनसाठी, १९८४ मध्ये तिकडे त्या डिप्रेशनचं वर्णन झालं, आणि मोतीबिंदू किंवा रेटिनाचा त्रास असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आमच्याकडे तर उजेड आम्हीच घालवलेला! झड आत येऊ नये म्हणून पडवीला निळी ताडपत्री बांधायची आणि अण्णांची खुर्ची नेमकी तिच्यामागे. फिरणं बंद, पारावरची मंडळी बंद, लाईट गेली की टीव्ही बंद, माणूस दिवसभर त्या निळ्या अंधारात पागोळ्या ऐकत बसणार, दुसरं काय होणार? आता मधली एक पट्टी पारदर्शक प्लॅस्टिकची लावलीय.

दुसरं, ही पिढी "उदास वाटतं" म्हणणारच नाही. पोट साफ नाही, झोप नाही, पायात गोळे येतात, असंच येतं ते बाहेर. आम्ही झोपेसाठी म्हणूनच नेलं, आणि ते खोटंही नव्हतं. त्याआधी एका ठिकाणी नुसती झोपेची गोळी दिलेली, तर रात्री लघवीला उठताना पडले, म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणणं विसराच. सायकिॲट्रिस्टनी थायरॉइड, बी-१२, सोडियम बघून मग डिप्रेशनची गोळी छोट्या डोसने सुरू केली. फरक पडायला ४ ते ६ आठवडे लागतात, कधी जास्तही, त्यामुळे पंधरा दिवसात "काय उपयोग नाही" म्हणून मनाने बंद करू नका. आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, दोन्ही मिळून सोडियम उतरू शकतं, मग माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि घरच्यांना वाटतं स्मृतिभ्रंश झाला.

थेरपी फोनवर. पहिले दोन सेशन अण्णा नुसतं हं हं. तिसऱ्याला त्या थेरपिस्ट मुलीने विचारलं, तुम्ही शाळेत काय शिकवायचात? विज्ञान. झालं! पर्जन्यमापक आणायला लावलं, रोज सकाळी ८.३० ला, वेधशाळेच्या वेळेला, पाऊस मोजायचा, वहीत लिहायचा आणि दिवसभरात केलेल्या एखाद्या कामाला दहापैकी गुण द्यायचे. पहिला आठवडा सगळीकडे २ आणि ३, मास्तर कडक ना. याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, उत्साह येईल मग करू असं नाही, आधी काम, उत्साह येईल मागून.

पण खरं सांगायचं ते हे की हे सगळं मे मध्ये सुरू करा. जुलैत माणूस अंथरुणातून उठत नाही तेव्हा नवीन डॉक्टर, नवीन सवय काही जमत नाही. आपण मृगाच्या आधी अगोट भरतोच की, मिरच्या, सुकं, लाकडं, त्यातच आता आमच्याकडे अण्णांची अपॉइंटमेंट, कानाच्या मशीनचे सेल आणि थेरपिस्टचे दोन कॉल असतात.

अर्थात बाबांचं खाणंपिणं सुटलं, किंवा "आता पुरे झालं जगणं" असं म्हणायला लागले तर मेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आज ८.३० ला फॅमिली ग्रुपवर आकडा आला, ११२ मिमी, आणि खाली माझ्या नवऱ्याला झाप की पन्हाळीतला पाचोळा अजून कोणी काढला नाही.